सायप्रिनस सोडल्यावर तलावातले जिवाणू कसे बदलतात : नऊ कप्प्यांची तपासणी

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, पसरट आणि उथळ. पावसाळा सरल्यावर बऱ्याच ठिकाणी छातीभर पाणी, मे महिन्यात जेमतेम गुडघाभर. अशा पाण्यात सायप्रिनसची, म्हणजे कॉमन कार्प माशाची, बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) दाट सोडली की पाणी गढूळतं आणि तळाची वनस्पती विरळ होते. एवढं काठावरून दिसतं. पाण्यातल्या जिवाणूंमध्ये जी उलथापालथ होते ती मात्र मोजल्याशिवाय कळत नाही, आणि चुकीच्या पद्धतीने मोजली तर काहीच घडलं नाही असं वाटतं.

सायप्रिनस इथला नव्हे. त्याची जर्मन जात भारतात १९३९ साली आली, बँकॉक जात १९५७ साली. टिलापिया १९५२ साली आला, गवत्या (ग्रास कार्प) आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) १९५९ साली. पुढची तपासणी, म्हणजे तलावातच पारदर्शक कागदाने पाणी अडवून केलेल्या नऊ कप्प्यांची तुलना, सायप्रिनस डोळ्यांपुढे ठेवून मांडली आहे. मासे बदलून ती टिलापियासाठीही करता येते. एक पथ्य मात्र मोडू नका : जो मासा त्या तलावात आधीपासून नाही तो प्रयोगासाठीसुद्धा आणू नका. जाळी फाटते, बांध ओसंडतो, आणि एकदा सुटलेला मासा परत गोळा होत नाही. बंदी असलेल्या थाई मांगूरचा तर विचारही नको.

मासा नेमकं काय करतो

सायप्रिनस जिवाणू वेचून खात नाही. त्याचा परिणाम तीन वाटांनी पोचतो आणि तपासणीची सगळी रचना या तीन वाटा वेगळ्या करण्यासाठी आहे.

पहिली वाट चिखलाची. हा मासा तळाचा गाळ तोंडात घेतो, त्यातल्या अळ्या नि कृमी ठेवतो, बाकीचा गाळ थुंकतो. उथळ तलावाच्या एक मिलिलिटर पाण्यात साधारण दहा लाख ते एक कोटी जिवाणू असतात. तेवढ्याच गाळात शंभर कोटींच्या घरात. म्हणून चिमूटभर गाळ ढवळला गेला तरी पाण्यात कणांना चिकटलेल्या जिवाणूंचा वाटा वाढतो. गाळाच्या फटींतल्या पाण्यात साचलेला फॉस्फरस आणि अमोनियाही त्याबरोबर वर येतो.

दुसरी वाट खताची. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया आणि विष्ठेतून फॉस्फरस सतत पाण्यात मिसळतो. त्यावर शेवाळ वाढतं, शेवाळातून विरघळलेले सेंद्रिय पदार्थ झिरपतात, आणि ते जिवाणूंचं खाद्य होतं.

तिसरी वाट भक्षकांची, आणि ती सगळ्यांत फसवी. लहान सायप्रिनस, टिलापियाची पिल्लं, डासांच्या अळ्यांसाठी सोडलेला गॅम्बुसिया हे सगळे जलपिसवा (पाण्यात तरंगणारे बारीक कवचधारी प्राणी) खातात. मॉइना, सेरिओडाफ्निया, डायाफॅनोसोमा या आपल्याकडच्या जलपिसवा जिवाणूही गाळून खातात आणि जिवाणू खाणारे एकपेशीय कशाधारी (चाबकासारख्या शेपटीने पोहणारे) जीवही. जलपिसवा संपल्या की कशाधारी वाढतात, आणि ते मध्यम आकाराच्या जिवाणूंवर ताव मारतात. मागे उरतात ते फार बारीक, नाहीतर लांब तंतूसारखे, नाहीतर पुंजक्यांत राहणारे. एकूण संख्या तेवढीच राहते, पण वस्ती बदललेली असते. नुसती एकूण संख्या मोजून थांबू नका, असं आम्ही आग्रहाने सांगतो ते यासाठी.

युरोपातल्या थंड तळ्यांवरच्या पुस्तकांत या तिसऱ्या वाटेला फार मोठं स्थान असतं, कारण तिथली डाफ्निया ही जलपिसू आकाराने मोठी आणि मुबलक असते. आपल्या उष्ण तलावांत जलपिसवा मुळात लहान, आणि त्यांना खाणारे छोटे मासे बारमाही हजर. त्यामुळे इथे बहुधा चिखलाची वाट जड ठरते. पण हे गृहीत धरू नका, तपासा.

गवत्याची तऱ्हा निराळी. तो वनस्पती खातो. हायड्रिला किंवा व्हॅलिस्नेरियाच्या पानांवर जिवाणू आणि शेवाळाचा जो थर असतो तो पानांबरोबरच जातो, आणि मुळांनी धरलेला गाळ मोकळा होतो. कप्प्यांत वनस्पती नसेल तर गवत्याचा परिणाम कळणारच नाही.

कप्पे बांधणं

आधी ग्रामपंचायतीची आणि ज्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे तलावाचा ठेका आहे तिची लेखी परवानगी घ्या. काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा पाऊस नसतो आणि पातळी हळू उतरते. रब्बीसाठी तलावाचं पाणी सोडणार असतील तर त्या तारखा आधीच विचारून ठेवा. पंधरा दिवसांत फूटभर पाणी उतरलं तर सगळी तुलना बिघडते.

एक मीटर खोलीची, तळ सारखा असलेली जागा निवडा. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद असे नऊ कप्पे लागतील. भिंतीसाठी पॉलिहाऊसचा २०० मायक्रॉनचा पारदर्शक कागद घ्या. शेततळ्याचा काळा कागद नको, तो बाजूचा उजेड अडवतो आणि शेवाळ मंदावतं. प्रत्येक कप्प्याला साडेआठ मीटर लांबीचा आणि १.६ मीटर रुंदीचा तुकडा : २० सेंटीमीटर गाळात, एक मीटर पाण्यात, ४० सेंटीमीटर पाण्याच्या वर. खालची कड वाळू भरलेल्या कापडी नळ्यांनी दाबा आणि पायाने गाळात रुतवा. तळ उघडाच ठेवायचा, तिथे कागद अंथरायचा नाही. चौकटीला लोखंडी पाइप उत्तम. बांबू वापरायचा तर महिनाभर पाण्यात भिजवलेला घ्या. ताज्या हिरव्या बांबूतून साखर आणि टॅनिन झिरपतं, आणि जिवाणूंची वाढ माशामुळे झाली की बांबूमुळे हे सांगता येत नाही. वरून पक्ष्यांसाठी जाळं ताणा. पाणकावळा आणि खंड्या यांना उघडा कप्पा म्हणजे वाढलेलं ताट.

नऊ कप्प्यांचे तीन प्रकार करा, प्रत्येकी तीन. पहिल्यात मासे नाहीत. दुसऱ्यात मासे मोकळे. तिसऱ्यात मासे आहेत, पण गाळापासून २५ सेंटीमीटर उंचीवर दहा मिलिमीटर भोकांचं जाळं आडवं ताणलेलं, म्हणजे विष्ठा खाली पडेल पण तोंड गाळाला लागणार नाही. हा तिसरा प्रकार खर्च वाचवण्यासाठी सर्वांत आधी वगळला जातो, आणि तो वगळला की चिखल आणि खत या दोन वाटा कायमच्या एकमेकींत मिसळतात. पैसे कमी असतील तर डीएनए तपासणी सोडा, हे कप्पे सोडू नका. जाळ्यावरही जिवाणूंचा थर चढतो, म्हणून तेवढंच जाळं बाकीच्या सहा कप्प्यांत भिंतीला उभं टांगा.

कप्पे काठाला समांतर तीन-तीनच्या तीन गटांत मांडा. एका गटातले तिन्ही कप्पे काठापासून सारख्या अंतरावर असावेत, आणि त्यांतला कुठला कोणत्या प्रकारचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. तिन्ही बिनमाशांचे कप्पे वाऱ्याच्या आडोशाला गेले तर वाऱ्याने ढवळलेला गाळ माशांच्या नावावर जमा होतो.

गळती पाहण्याची सोपी रीत : प्रत्येक कप्प्यात साधारण चार हजार लिटर पाणी असतं. त्यात ४०० ग्रॅम मीठ बादलीत विरघळवून सगळीकडे फिरवत ओता. पाण्याची विद्युतवाहकता साधारण २०० मायक्रोसीमेन्सने वाढेल. तीन दिवसांनी या वाढीतला पाव हिस्सा किंवा जास्त उतरलेला दिसला तर तळाची कड सुटली आहे. मीठ नऊही कप्प्यांत सारखंच घाला, फक्त संशयिताला नको.

मासे सोडण्याआधी

कप्पा उभारताना आत छोटे मासे अडकतातच. बारीक विणीच्या ओढजाळ्याने प्रत्येक कप्पा तीन वेळा ओढून काढा, शेवटच्या ओढीत काही येता कामा नये. ‘बिनमाशांच्या’ कप्प्यात दहा-वीस बारके मासे राहून गेले तर तिसरी वाट तिथेही चालू राहते आणि माशांचा परिणामच नाही असा खोटा निष्कर्ष निघतो. या तपासणीत सर्वाधिक नुकसान याच चुकीने होतं. शेवटच्या दिवशी कप्पे पुन्हा ओढा आणि जे सापडेल ते मोजून नोंदवा.

नंतर सात दिवस कप्पे तसेच राहू द्या. ढवळलेला गाळ बसायला तेवढा वेळ लागतो. आठव्या दिवशी सकाळी पहिलं पाणी घ्या, तो शून्य दिवस, आणि त्याच दिवशी संध्याकाळी मासे सोडा.

किती मासे? हेक्टरी २०० किलो म्हणजे चौरस मीटरला २० ग्रॅम. चार चौरस मीटरच्या कप्प्याला ८० ग्रॅम. चाळीस-चाळीस ग्रॅमचे दोन सायप्रिनस पुरतात. अमेरिकेतल्या उथळ तळ्यांत हेक्टरी १०० किलोच्या आसपासच वनस्पती उतरणीला लागते असं आढळलं आहे, म्हणून याहून दाट सोडायची घाई नको. मासे त्याच तलावातून पकडा, वजन करा आणि एक दिवस वेगळ्या जाळीत उपाशी ठेवा, म्हणजे पोटातलं बाहेरचं खाद्य कप्प्यात पडणार नाही. कप्प्यात खाद्य अजिबात टाकायचं नाही. मासा मेला तर त्याच दिवशी काढा आणि तेवढ्याच वजनाचा दुसरा सोडा. सडणारा मासा एकटाच चार हजार लिटरचं गणित बदलू शकतो.

पाणी घेणं

दिवस शून्य, ३, ७, १४ आणि २८. प्रत्येक वेळी सकाळी सात ते नऊच्या दरम्यान. आधी बिनमाशांचे कप्पे, मग जाळीवरचे, शेवटी मोकळ्या माशांचे. उलट क्रमाने गेलात तर गाळ बाटलीबरोबर स्वच्छ कप्प्यात जातो. कप्प्यात पाय घालू नका. नावेतून किंवा बाहेर टाकलेल्या फळीवरून काम करा.

५० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप उभा बुडवा, तळापासून २० सेंटीमीटर वर थांबा, वरचं तोंड रबरी बुचाने बंद करा आणि उचला. एका बुडीत साधारण दीड लिटर पाणी येतं, पृष्ठभागापासून खालपर्यंतचं. तिसऱ्या प्रकारात आडवं जाळं मध्ये येतं, म्हणून तिथे कोपऱ्यात पाइपपुरतं भोक ठेवून त्याला झडप शिवा. चार कोपरे आणि मध्य अशा सात-आठ बुड्या बादलीत एकत्र करा. त्यातलं दहा लिटर ६० मायक्रॉनच्या जाळीतून गाळून जलपिसवांसाठी चार टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवा. त्यात थोडी साखर घातली की त्यांची अंडी गळत नाहीत. अर्थात जिवाणूंचं पाणी या गाळण्याच्या आधी काढून घ्यायचं.

त्याच वेळी विरघळलेला ऑक्सिजन, तापमान आणि गढूळपणा नोंदवा. पाण्याचा नितळपणा मापायची २० सेंटीमीटरची काळी-पांढरी सेक्की तबकडी मीटरभर पाण्यात अनेकदा थेट तळापर्यंत दिसते, आणि मग आकडा निरुपयोगी ठरतो. त्यापेक्षा वजनाने मापलेला तरंगता गाळ बरा : आधी तोललेल्या काचतंतूच्या गाळणीतून २०० ते ५०० मिलिलिटर पाणी गाळा, १०५ अंशांवर दोन तास वाळवा, पुन्हा तोला.

जिवाणू मोजणं

१९ मिलिलिटर पाण्यात ०.२ मायक्रॉन गाळणीतून गाळलेलं एक मिलिलिटर फॉर्मॅलिन घाला, थंड आणि अंधारात ठेवा, शक्यतो दोन दिवसांत पुढचं काम उरका. एक मिलिलिटर नमुना चार मिलिलिटर जिवाणूमुक्त पाण्यात मिसळा, नाहीतर पेशी गाळणीवर एका बाजूला गोळा होतात. डॅपी रंग मिलिलिटरला एक मायक्रोग्रॅम या प्रमाणात, दहा मिनिटं अंधारात. मग ०.२ मायक्रॉनच्या काळ्या पॉलिकार्बोनेट गाळणीतून हळूच ओढा; पंपाची ओढ १५० मिलिमीटर पाऱ्यापेक्षा जास्त नको. प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली हजारपट मोठं करून किमान दहा क्षेत्रं आणि एकूण किमान ३०० पेशी मोजा. डॅपी जनुकद्रव्याला धरतो, म्हणून हातमोजे घाला, आणि फॉर्मॅलिनचं पाणी तलावात ओतू नका.

हिशेब असा. गाळणीवर पाणी गेलेल्या गोलाचा व्यास १६ मिलिमीटर असेल तर क्षेत्रफळ २०१ चौरस मिलिमीटर. मोजणीचा चौकोन १०० मायक्रॉन बाजूचा असेल तर तो ०.०१ चौरस मिलिमीटर. म्हणजे २०,१०० चौकोन. सरासरी ५० पेशी दिसल्या तर एका मिलिलिटरला सुमारे दहा लाख.

गढूळ पाण्यात मातीचे कण घात करतात. कणही चमकतात, पण पिवळट. जिवाणू निळे दिसतात. कणांना चिकटलेले जिवाणू सुटे करण्यासाठी सोडियम पायरोफॉस्फेट दहा मिलिमोलर होईल इतकं घाला, अर्धा तास थांबा, आणि ध्वनिलहरींच्या कुंडात अर्धा-अर्धा मिनिट तीनदा ठेवा, मधल्या वेळेत बर्फावर. हे केलं नाही तर नेमक्या मोकळ्या माशांच्या कप्प्यांतली संख्या खोटी कमी येते, कारण गाळ तिथेच जास्त असतो.

आता मुख्य काम. त्याच नमुन्याचा दुसरा भाग पंप न लावता ३ मायक्रॉनच्या गाळणीतून जाऊ द्या. खाली आलेल्या पाण्यातले ते सुटे जिवाणू. एकूण संख्येतून ते वजा केले की कणांना चिकटलेले उरतात. समजा एकूण ८० लाख आणि सुटे ६० लाख, तर चिकटलेले पाव हिस्सा. याशिवाय पाच मायक्रॉनपेक्षा लांब तंतू वेगळे मोजा. त्यांची संख्या थोडी असते, म्हणून त्यांच्यासाठी जास्त क्षेत्रं पाहावी लागतात. कशाधारींसाठी एक टक्का ग्लुटारॅल्डिहाइडमध्ये ठेवलेलं १० ते २० मिलिलिटर पाणी ०.८ मायक्रॉनच्या काळ्या गाळणीवर घ्या. ज्यांच्यात हरितद्रव्याची लाल चमक दिसते ते शेवाळाचे, त्यांना यात मोजू नका.

असा सूक्ष्मदर्शक जवळच्या महाविद्यालयात नसेल तर श्वसन मोजा. ३०० मिलिलिटरच्या बीओडी बाटल्या (ऑक्सिजन मोजण्याच्या, घट्ट काचेच्या बुचाच्या), काळी पट्टी आणि वरून चंदेरी कागद गुंडाळलेल्या, कप्प्यातच २४ तास टांगा. आधीच्या आणि नंतरच्या ऑक्सिजनमधला फरक विंकलर या रासायनिक पद्धतीने काढा. एक जोडी कच्च्या पाण्याची, एक ३ मायक्रॉनमधून गाळलेल्या पाण्याची. दुसऱ्या जोडीतला आकडा बहुतांशी सुट्या जिवाणूंचा. अगार थाळीवरच्या वसाहती मोजण्यावर मात्र विसंबू नका. तलावातल्या जिवाणूंपैकी एक टक्काही थाळीवर सहसा उगवत नाहीत, आणि जे उगवतात ते गाळातून आलेले भराभर वाढणारे असण्याची शक्यता जास्त.

डीएनए तपासणी करायचीच असेल तर ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून स्वच्छ कप्प्याचं ५०० मिलिलिटर आणि गढूळ कप्प्याचं गाळणी तुंबेपर्यंत पाणी घ्या, आणि किती गेलं ते लिहून ठेवा. त्याच साहित्यातून ऊर्ध्वपातित पाणी गाळून एक कोरा नमुनाही पाठवा. जिवाणू ओळखण्यासाठी वापरतात त्या १६एस जनुकाचा व्ही-४ भाग पुरतो. शेवाळाच्या हरितलवकांचे क्रम काढून टाकायला सांगा. तळाच्या वरच्या एक सेंटीमीटर गाळाचा आणि शेवटच्या दिवशी एका माशाच्या आतड्याचा नमुना जोडला तर या साऱ्या खर्चाचं चीज होतं : पाण्यात नव्याने दिसणारे जिवाणू गाळातून आले की माशाच्या पोटातून, हे ताडून पाहता येतं. सायप्रिनसच्या आतड्यात सेटोबॅक्टेरियम हा जिवाणू नेहमी सापडतो. तो पाण्यात दिसला तर विष्ठेची खूण समजा.

आकडे वाचताना

एका कप्प्यातून तीन बाटल्या घेतल्या म्हणजे तीन पुरावे होत नाहीत. पुरावा कप्प्याचा, म्हणून आधी कप्प्याची सरासरी काढा आणि मग एकाच गटातले तीन कप्पे आपापसांत ताडा.

फक्त मोकळ्या माशांच्या कप्प्यांत तरंगता गाळ आणि चिकटलेले जिवाणू वाढले, जाळीवरच्या कप्प्यांत नाही, तर वाट चिखलाची. माशांच्या दोन्ही प्रकारांत हरितद्रव्य (म्हणजे शेवाळाचं प्रमाण), सुटे जिवाणू आणि श्वसन वाढलं तर खताची. दोन्हीकडे जलपिसवा घटल्या, कशाधारी वाढले आणि तंतू जास्त दिसू लागले, पण एकूण संख्या जागची हलली नाही, तर भक्षकांची. बहुतेक वेळा एकाहून अधिक वाटा सापडतील. तेव्हा क्रम पाहा. चिखलाचा परिणाम तिसऱ्या दिवशीच दिसतो, खताचा एक-दोन आठवड्यांनी. अठ्ठावीस दिवसांपुढे तपासणी लांबवू नका, कारण कप्प्याच्या भिंतींवरचा चिकट थर तोवर इतका जाड होतो की पाण्यातलं खत तोच ओढून घेतो. तो मधेच घासून काढला तर त्यातले जिवाणू पाण्यात येतात, म्हणून हात लावायचा नाही.

पिण्यासाठी किंवा गुरांसाठी वापरायच्या तलावात ई. कोलाय वाढलेला दिसला तर तो माशाचा म्हणू नका. तो उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यातला. गाळात बसलेला सायप्रिनसने वर आणला असेल, किंवा रात्री म्हशी कप्प्यांजवळ शिरल्या असतील. काठावरचे खूर पाहून ठेवा.

चिखलाची वाट जड निघाली तर संस्थेपुढे ठोस गोष्ट ठेवता येते : पुढच्या हंगामात सायप्रिनसची बोटुकली कमी करायची आणि एप्रिल-मेमध्ये पाणी गुडघ्यापर्यंत उतरलं की मोठे सायप्रिनस आधी काढायचे. अर्धेमुर्धे काढून भागत नाही. नेदरलँड्समधल्या उथळ तळ्यांत माशांचा किमान ७५ टक्के भार काढला तेव्हाच पाणी निवळलं. तेवढी काढणी झाल्यावर तेच नऊ कप्पे, त्याच जागी, त्याच महिन्यात पुन्हा उभे करा. कागद वाळवून सावलीत गुंडाळून ठेवला तर दुसऱ्या वर्षी तोच चालतो.